ल्यूसीन, ज्वारीची भाकरी आणि वार्धक्य

वार्धक्यात केस पांढरे होतात, दृष्टी मंदावते, कान जड होतात. हे बदल चटकन नजरेस येतात. परंतु ज्या एका बदलामुळे वृद्ध मनुष्य खऱ्या अर्थाने परावलंबी होतो तो बाहेरून फारसा दिसत नाही. तो बदल म्हणजे स्नायूंचा ऱ्हास होय. साधारणतः पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी थोडेथोडे घटत जाते, आणि त्यांचे बल तर त्याहूनही अधिक वेगाने घटते. आजोबांना जमिनीवरून उठताना हाताचा टेका घ्यावा लागू लागला, किंवा भरलेली घागर उचलणे आजींना जड जाऊ लागले, की हा ऱ्हास बराच पुढे गेला आहे असे समजावे. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचविले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव अथवा दारिद्र्य. नाव नवे असले तरी वस्तुस्थिती जुनीच आहे.

ह्या दारिद्र्यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत ॲमिनो अम्लांच्या भुकट्या व गोळ्या पुढे आल्या आहेत. त्यांत अग्रस्थान ल्यूसीनचे आहे. एकेकाळी व्यायामपटूंपुरती असलेली ही वस्तू आता ‘निरोगी वार्धक्या’च्या नावाने वृद्धांसाठी विकली जाते, आणि मोठ्या शहरांइतकीच ती तालुक्याच्या गावीही पोचली आहे. मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न निराळ्याच स्वरूपात उभा राहतो. कारण येथील परंपरागत आहाराचा कणा जी ज्वारी, तिच्या प्रथिनात ल्यूसीन भरपूर असते. इतके भरपूर की, एका काळी तेच ल्यूसीन दख्खनच्या पठारावरील एका भयंकर रोगाचे कारण म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले होते. जे द्रव्य साठ वर्षांपूर्वी ज्वारी खाणाऱ्यांच्या बाबतीत अतिरेकाने घातक मानले गेले, तेच आज त्यांच्या नातवंडांकडून आजोबांसाठी विकत आणले जावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

ल्यूसीनचा शोध तसा फार जुना. १८१९ साली प्रूस्त ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते चीजमध्ये आढळले, आणि १८२० साली ब्राकोनो ह्याने मांस व लोकर ह्यांचे अम्लाने विघटन करून त्याचे शुभ्र स्फटिक मिळविले. ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा, ह्यावरून त्याला नाव पडले. मानवी शरीराला जी नऊ ॲमिनो अम्ले स्वतः तयार करता येत नाहीत व जी अन्नातूनच मिळवावी लागतात, त्यांपैकी हे एक होय. आयसोल्यूसीन व व्हॅलीन ही त्याची दोन भावंडे. तिघांच्याही कार्बन साखळीला फाटा फुटलेला असल्यामुळे त्यांचा एकत्र उल्लेख करण्याची पद्धत आहे. तथापि शरीरातील कार्याच्या दृष्टीने ल्यूसीनचे स्थान भावंडांहून वेगळे आहे. इतर ॲमिनो अम्ले प्रथिनाच्या बांधकामात विटांप्रमाणे उपयोगी पडतात. ल्यूसीनही तशी एक वीट आहेच; पण त्याशिवाय ते बांधकाम सुरू करण्याची सूचनाही पेशीला देते.

ही सूचना देण्याची रीत बरीचशी उलगडली आहे. पेशीत ‘एम-टॉर’ नावाचे एक प्रथिन असून ते वाढीचे नियंत्रण करते. पेशीत ल्यूसीन पुरेसे असले म्हणजे ते सेस्ट्रिन-२ ह्या प्रथिनाला जाऊन चिकटते, एम-टॉरवरील दाब निघून जातो आणि नवी प्रथिने बनविण्याचे कार्य वेग घेते; सेस्ट्रिनचा हा धर्म २०१६ साली सिद्ध झाला. तरुण मनुष्याच्या स्नायूंना ही सूचना थोडक्या ल्यूसीननेही मिळते. वृद्धाच्या स्नायूंना मात्र ऐकू कमी येऊ लागते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. २००६ साली कात्सानोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग ह्या बाबतीत नेहमी पुढे केला जातो. त्यांनी तरुण व वृद्ध अशा दोन्ही गटांना आवश्यक ॲमिनो अम्लांचे ६.७ ग्रॅमचे मिश्रण दिले. मिश्रणात ल्यूसीनचे प्रमाण २६ टक्के असताना तरुणांच्या स्नायूंत प्रथिननिर्मिती वाढली, वृद्धांच्या वाढली नाही. हेच प्रमाण ४१ टक्के केल्यावर वृद्धांच्या स्नायूंनीही प्रतिसाद दिला. ह्यावरून वृद्धाला प्रत्येक जेवणात सुमारे २.५ ते ३ ग्रॅम ल्यूसीन मिळाले पाहिजे असा आडाखा बांधला गेला, आणि भुकट्यांच्या जाहिरातींचा पाया तेथेच घातला गेला.

परंतु काही तासांच्या प्रयोगात प्रथिननिर्मितीचा वेग वाढणे ही एक गोष्ट, आणि काही महिन्यांनंतर स्नायू प्रत्यक्ष भरणे व त्यांत बळ येणे ही अगदी दुसरी गोष्ट. नेदरलँड्समध्ये सरासरी ७१ वर्षे वयाच्या ३० निरोगी पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील एका गटाला तीन महिने प्रत्येक जेवणाबरोबर २.५ ग्रॅम ल्यूसीन दिले होते, दुसऱ्या गटाला निरुपयोगी भुकटी. अखेरीस दोन्ही गटांच्या स्नायूंचे वस्तुमान अथवा बल ह्यांत काहीही फरक आढळला नाही. २०११ साली मधुमेही वृद्धांवर सहा महिने चाललेल्या अशाच प्रयोगाचा निष्कर्षही तोच निघाला. ह्याउलट २०१५ साली युरोपात ३८० अशक्त वृद्धांवर केलेल्या चाचणीत ल्यूसीनने समृद्ध केलेले दुधाच्या निवळीचे प्रथिन व ड जीवनसत्त्व १३ आठवडे दिले असता हातापायांच्या स्नायूंचे वस्तुमान थोडे वाढले व खुर्चीवरून उठण्याची क्षमता सुधारली. मात्र हाताच्या पकडीचे बल व एकंदर शारीरिक हालचाल हे जे चाचणीचे मुख्य निकष होते, त्यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. शिवाय येथे केवळ ल्यूसीन दिलेले नव्हते. प्रत्येक वेळी २० ग्रॅम उत्तम प्रथिन त्याच्या जोडीला होते. सूचनेबरोबर विटाही पुरविल्या होत्या, हा भेद महत्त्वाचा आहे.

आता हिंगोलीच्या ताटाकडे वळणे इष्ट होईल. हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके आहेत. पूर्णा, कयाधू व पैनगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील ही काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची होती. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, त्याबरोबर तुरीचे वरण किंवा बेसनाचे पिठले, हंगामात अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची अथवा जवसाची चटणी आणि मिळाले तर ताक, असा येथील शेतकऱ्याचा व शेतमजुराचा आहार राहिला. आजही जुन्या पिढीतील पुष्कळ माणसांना भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही.

एखाद्या ५० किलो वजनाच्या वृद्धाचा दिवसाचा आहार उदाहरणादाखल घ्यावा: ज्वारीचे पीठ २५० ग्रॅम आणि तुरीची डाळ ४० ग्रॅम. ज्वारीत प्रथिन सुमारे १० टक्के, म्हणजे २५ ग्रॅम. डाळीत सुमारे २२ टक्के, म्हणजे जवळजवळ ९ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात ल्यूसीन १२ ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक असते. तुरीच्या प्रथिनात ते ७ ग्रॅमच्या आसपास असते. ह्या हिशेबाने त्या वृद्धाच्या पोटात दिवसाकाठी सुमारे ३.६ ग्रॅम ल्यूसीन जाते. २००७ साली जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी प्रौढ माणसाची ल्यूसीनची गरज दर किलो वजनामागे ३९ मिलिग्रॅम ठरविली आहे. ५० किलोच्या माणसाला ती २ ग्रॅमपेक्षाही थोडी कमीच भरते. म्हणजे केवळ भाकरी व वरण ह्यांवर राहणाऱ्या वृद्धालाही ल्यूसीन गरजेच्या पावणेदोन पटींहून अधिक मिळते.

हाच हिशेब लायसीन ह्या दुसऱ्या आवश्यक ॲमिनो अम्लाचा मांडला असता चित्र पालटते. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात लायसीन जेमतेम २ ते २.५ ग्रॅम असते. सर्व तृणधान्यांत लायसीन कमीच असते, पण ज्वारीत ते विशेष कमी. त्यामुळे २५० ग्रॅम पिठातून ०.६ ग्रॅमच्या आतच लायसीन मिळते; तुरीची डाळ स्वतःच्या लहानशा वाट्यातून जवळपास तेवढीच भर घालते. एकूण बेरीज १.२ ग्रॅम होते आणि गरज, दर किलोमागे ३० मिलिग्रॅम धरून, १.५ ग्रॅम आहे. येथे वरणाचे महत्त्व ध्यानात येते. भाकरीबरोबर वरण खाण्याची रीत कोणा रसायनशास्त्रज्ञाने घालून दिलेली नाही, तरी तिच्यातील रसायन पक्के आहे. दुर्दैवाने डाळ महाग झाली की प्रथम वरणच पातळ होते.

लायसीनच्या ह्या ३० मिलिग्रॅमच्या आकड्यामागे भारतातील संशोधनाचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आवर्जून नमूद करण्याजोगी आहे. १९८५ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत प्रौढाची गरज दर किलोमागे केवळ १२ मिलिग्रॅम धरली होती. त्या मापाने वरील वृद्धाला ०.६ ग्रॅम पुरेसे ठरले असते, आणि कोरडी भाकरी खाणाऱ्या माणसाच्या आहारातही उणीव नाही असा निर्वाळा देता आला असता. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात अनुरा कुर्पद व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतील व्हर्नन यंग ह्यांच्या सहकार्याने, कार्बनच्या जड समस्थानिकाचा उपयोग करून चोवीस तासांची मोजणी केली. तीत भारतीय तरुणांची गरज ३० मिलिग्रॅमच्या जवळपास निघाली. म्हणजे भारतीय माणूस कमी लायसीनवर भागवितो, हा समज निराधार ठरला. दीर्घकाळ कुपोषित राहिलेल्या पुरुषांत तर ही गरज सुमारे दीडपट आढळली, आणि आतड्यांतील जंतांवर उपचार केल्यावर ती पुष्कळशी खाली आली. एका आकड्यात केलेल्या दुरुस्तीने कोट्यवधी गरीब माणसांचा आहार ‘पुरेसा’ ह्या सदरातून ‘अपुरा’ ह्या सदरात जातो, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

ज्वारीच्या ह्या विषमतेचे मूळ तिच्या दाण्यातच आहे. दाण्यातील बहुतांश प्रथिन काफिरिन ह्या वर्गात मोडते. त्यात ल्यूसीनची रेलचेल असते आणि लायसीन जवळजवळ नसतेच. त्यातून आणखी एक अडचण अशी की, ओल्या उष्णतेत शिजविताना काफिरिनचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांस जखडले जातात व पाचकरसांना दाद देईनासे होतात. १९८१ साली पेरू देशातील लहान मुलांना शिजविलेली ज्वारी दिली असता तिच्यातील प्रथिनापैकी सुमारे ४६ टक्केच पचल्याचे आढळले. तव्यावर भाजलेल्या भाकरीला व प्रौढ माणसाला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही; परंतु वर मांडलेला हिशेब कागदावरचा असून पोटातील हिशेब त्याहून उणा असतो, एवढे निश्चित. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून ‘किस्रा’ नावाची पातळ पोळी करतात. प्रयोगशाळेत तिचे प्रथिन अधिक सुलभतेने विघटित होते असे दिसून आले आहे. मराठवाड्यातील ज्वारीच्या आंबिलाकडे ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

आता त्या रोगाकडे. पेलाग्रा, म्हणजेच मराठी वैद्यकीय परिभाषेतील वल्कचर्म, ह्या रोगात उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट खरबरीत चट्टे पडतात, गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो. त्याबरोबर अतिसार होतो आणि पुढे बुद्धिभ्रंश होऊन मृत्यूही येतो. स्पेनमध्ये कासाल ह्या वैद्याने १७३५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. मका हेच मुख्य अन्न असलेल्या गरिबांचा हा रोग. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर ह्यांनी तो संसर्गजन्य नसून आहारातील उणिवेमुळे होतो हे दाखविले, १९३७ साली एल्व्हेजेम ह्यांनी कुत्र्यांच्या ‘काळ्या जिभे’च्या रोगावर निकोटिनिक अम्ल गुणकारी असल्याचे सिद्ध केले, आणि १९४५ साली ट्रिप्टोफेन ह्या ॲमिनो अम्लापासून शरीर स्वतः हे जीवनसत्त्व बनवू शकते असे आढळले. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफेनपासून १ मिलिग्रॅम जीवनसत्त्व, असे ते प्रमाण धरतात. मक्यात ट्रिप्टोफेन कमी आणि त्यातील निकोटिनिक अम्लही बद्ध अवस्थेत, म्हणून मका खाणाऱ्यांना हा रोग होतो, अशी सर्व कथा जुळून आली.

परंतु दख्खनच्या पठारावर हा रोग मका खाणाऱ्यांना नव्हे, तर ज्वारी खाणाऱ्या गरीब शेतमजुरांना होत होता. हिंगोली त्या काळी परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता आणि १९५६ पर्यंत संपूर्ण मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तेलंगणापासून येथपर्यंतचे हे सर्व पठार ज्वारीचेच. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस हलविण्यात आली, तेव्हा तेथील संशोधकांच्या समोर हे कोडे आपोआपच येऊन उभे राहिले. ज्वारीत ट्रिप्टोफेन मक्याइतके कमी नाही. वरील वृद्धाच्या आहारात ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक भरते, आणि गरज २०० मिलिग्रॅमची आहे. मग रोग का व्हावा? सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया ह्यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात ह्याचे जे उत्तर मांडले ते अनपेक्षित होते. मका व ज्वारी ह्या दोहोंत समान असलेली गोष्ट म्हणजे ल्यूसीनचा अतिरेक. हे अतिरिक्त ल्यूसीन ट्रिप्टोफेनपासून जीवनसत्त्व बनण्याच्या व त्याचा वापर होण्याच्या मार्गात आडवे येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे रोग उणिवेचा खरा, पण ती उणीव दुसऱ्या एका द्रव्याच्या समृद्धीने निर्माण केलेली!

ह्या सिद्धान्तावर हैदराबादेत पुढे दीड दशक चिकाटीने काम झाले. ल्यूसीन मिसळलेल्या आहारावर कुत्र्यांना काळ्या जिभेचा रोग झाल्याचे १९६९ साली प्रसिद्ध झाले. ज्या ज्वारीच्या वाणात ल्यूसीन कमी, तिच्यावर ठेवलेली कुत्री निरोगी राहिल्याचेही आढळले, आणि कमी ल्यूसीनचे वाण निवडावेत असा विचार पुढे आला. १९७१ साली रुग्णांना आयसोल्यूसीन दिल्याने त्वचेत व मेंदूच्या विद्युत्‌लेखात सुधारणा झाल्याची नोंद झाली. म्हणजे एका भावंडाच्या अतिरेकावर दुसऱ्या भावंडाचा उतारा. तथापि विज्ञानात एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीत पडताळून पाहावा लागतो. १९७८ साली केनेथ कार्पेंटर व त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्यांना भरपूर ल्यूसीन दिले असता अपेक्षित परिणाम दिसून आला नाही. आज बहुतेक अभ्यासकांचे मत असे की, केवळ ल्यूसीनने पेलाग्रा होत नाही. परंतु आहारात मुळातच नायासिन व ब-६ जीवनसत्त्व तोकडे असेल, तर ल्यूसीनचा अतिरेक हे शेवटचे ओझे ठरू शकते. गोपालन ह्यांचा सिद्धान्त संपूर्ण टिकला नाही म्हणून तो व्यर्थ गेला असे मात्र मानू नये. अन्नघटक एकेकटे मोजून भागत नाही, त्यांचे परस्परांतील प्रमाण पाहावे लागते, हा त्यातील गाभा पुढील संशोधनाने अधिकच बळकट केला आहे.

त्याचा एक नमुना तर आश्चर्यकारक आहे. २०१९ साली सिडनी येथील संशोधकांनी उंदरांना आयुष्यभर फाटाफुटीच्या साखळीच्या तिन्ही ॲमिनो अम्लांचा दुप्पट पुरवठा केला. ते उंदीर अतोनात खाऊ लागले, लठ्ठ झाले आणि लवकर मेले. कारणाचा शोध घेता असे दिसले की, दोष त्या तीन अम्लांच्या विषारीपणाचा नव्हता, तर ट्रिप्टोफेन व थ्रिओनीन ह्यांच्याशी असलेला त्यांचा समतोल ढळला होता. ल्यूसीन व ट्रिप्टोफेन मेंदूत एकाच वाहकाच्या द्वारे शिरतात. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला वाट मिळत नाही, मेंदूतील सेरोटोनिन घटते आणि भुकेवरचा लगाम सुटतो. हैदराबादेत ज्या दोन ॲमिनो अम्लांचे वैर प्रथम संशयिले गेले, तीच जोडी जवळजवळ साठ वर्षांनी निराळ्या संदर्भात पुन्हा समोर आली.

दीर्घायुष्याच्या प्रश्नात आणखीही एक पेच आहे. स्नायू बांधणारे एम-टॉर ल्यूसीनने जागृत होते हे वर आलेच आहे. पण त्याच एम-टॉरला निष्क्रिय करणारे रॅपामायसिन हे औषध उतारवयात दिले तरी उंदरांचे आयुष्य वाढते, असे २००९ साली दिसून आले. ईस्टर बेटावरील मातीतील सूक्ष्मजीवापासून हे औषध वेगळे काढण्याचे श्रेय सुरेंद्रनाथ सेहगल ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाकडे जाते. २०१० साली इटलीतील एका प्रयोगात ह्या तीन ॲमिनो अम्लांच्या मिश्रणाने नर उंदरांचे मध्यम आयुष्य सुमारे १२ टक्क्यांनी वाढले होते. तर २०२१ साली अमेरिकेत तीच अम्ले आहारातून कमी केल्याने नर उंदरांचे आयुष्य वाढले. अशा परस्परविरुद्ध निष्कर्षांवरून माणसाच्या दीर्घायुष्याविषयी विधान करणे धाडसाचे होईल. जाहिरातींत अर्थातच ह्यांपैकी सोयीचा तेवढाच प्रयोग येतो. गंमत अशी की, त्याच दुकानात, त्याच फळीवर, निकोटिनामाइडची संयुगेही वार्धक्य रोखण्याच्या नावाने विकली जातात. गोपालन ह्यांच्या सिद्धान्ताच्या दोन्ही बाजू एकाच गिऱ्हाइकाला विकण्याचा हा प्रकार आहे.

मग हिंगोलीतील वृद्धाने ल्यूसीन घ्यावे काय? एक युक्तिवाद असा करता येईल की, दिवसाचे ३.६ ग्रॅम ल्यूसीन दोन जेवणांत विभागले तर प्रत्येक वेळी १.८ ग्रॅमच मिळते, त्यातूनही सर्व पचत नाही, सबब २.५ ग्रॅमचा उंबरठा ओलांडण्यासाठी भुकटीची जोड हवी. हा युक्तिवाद वरवर बरोबर दिसतो. परंतु ज्या आहारात लायसीन आधीच अपुरे आहे, त्यात नुसते ल्यूसीन वाढविणे म्हणजे विटा नसताना गवंड्यांना हाकारणे होय. उत्तम आहार घेणाऱ्या डच वृद्धांनाही केवळ ल्यूसीनने काही साधले नाही. अपुऱ्या आहाराच्या वृद्धाला त्याहून अधिक साधेल, असे मानण्यास आधार नाही. वृद्धांत ल्यूसीनची सुरक्षित कमाल मर्यादा दर किलोमागे ४३० मिलिग्रॅम असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. ही मर्यादा उदार आहे खरी, पण ती चांगला आहार घेणाऱ्या निरोगी पुरुषांवर ठरविलेली आहे. ज्याच्या आहारात नायासिन व ब-६ जीवनसत्त्व जेमतेम आहे, त्याच्यासाठी तिचा दाखला देणे योग्य नव्हे.

वस्तुतः ह्या वृद्धाला कमी पडते ते एकंदर प्रथिन. वरील आहारात ते ३४ ग्रॅम आहे. सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलोमागे ०.८३ ग्रॅम ह्या मापाने ४१ ग्रॅमहून अधिक हवे, आणि वृद्धांसाठी २०१३ साली तज्ज्ञांच्या एका गटाने सुचविलेले दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हे माप धरले तर ५० ते ६० ग्रॅम. ही तूट भरून काढणारी वस्तू हिंगोलीच्या शेतांतच उभी असते. सोयाबीन हे आज ह्या जिल्ह्याचे खरिपातील प्रमुख पीक आहे. त्याच्या दाण्यात प्रथिन ३६ ते ४० टक्के असून त्यातील लायसीनचे प्रमाण डाळींसारखेच चांगले असते. पण हे पीक शेतातून थेट बाजार समितीत जाते, तेथून तेलाच्या गिरणीत, आणि त्याची पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात. पिकविणाऱ्याच्या ताटात ते क्वचितच येते. ३० ग्रॅम सोयाबीनचे पीठ दिवसाच्या भाकरीत मिसळले, तर वरील वृद्धाचे प्रथिन सुमारे ४५ ग्रॅमवर जाते, लायसीन १.९ ग्रॅमवर, आणि ल्यूसीनही ४.५ ग्रॅमच्या घरात. तिन्ही एकाच वेळी वाढतात, ही त्यातील मुख्य गोष्ट. सोयाबीन दळण्यापूर्वी ते उकळून, वाळवून अथवा चांगले भाजून घेणे आवश्यक आहे; कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक द्रव्य प्रथिनाचे पचन अडविते व ते उष्णतेने नष्ट होते. ज्यांना हे रुचत नाही त्यांना पाव लिटर दूध सुमारे ८ ग्रॅम प्रथिन देते, एक अंडे ६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिन वाढविण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा.

ज्वारीचाच दाणा सुधारण्याचे प्रयत्नही झाले आहेत. १९७३ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांना इथिओपियातील ज्वारीच्या दोन वाणांत लायसीन नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. पण त्यांचे दाणे सुरकुतलेले व उतारा कमी, त्यामुळे शेतकऱ्याने ते स्वीकारावेत असा काळ आला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला वाण प्रसारित केला. तो उपयुक्त आहेच, तथापि त्याचा उद्देश निराळा आहे. लायसीनचा प्रश्न त्याने सुटत नाही. दरम्यान आहारच बदलत चालला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर शिधावाटप दुकानातील तांदूळ व गहू बहुसंख्य कुटुंबांत पोचले, आणि ज्वारीचा पेरा सोयाबीनपुढे मागे हटला. पेलाग्रा मागे पडण्यास अशा मिश्र आहाराचा हातभार लागला असावा. पण गहू व तांदूळ ह्यांतही लायसीन कमीच असल्याने वृद्धाच्या प्रथिनाची गोष्ट तेथेच राहते.

आहाराइतकीच श्रमाची बाजूही आहे. १९९४ साली बोस्टन येथे सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० दुर्बळ वृद्धांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांच्याकडून वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला त्यांचे बल सरासरी ११३ टक्क्यांनी वाढले. ज्यांना व्यायामाविना केवळ पूरक आहार दिला त्यांना काहीही लाभ झाला नाही. खेड्यातील वृद्ध शेतात राबतो तोवर हा व्यायाम त्याला न मागता मिळतो. तो खाटेला खिळतो किंवा मुलाबरोबर शहरातील सदनिकेत राहावयास जातो, तेव्हा भाकरी कदाचित तीच राहते, पण स्नायूंना मिळणारी दुसरी सूचना बंद होते.

पदव्युत्तर अभ्यासकांना ह्या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. दोन समस्थानिकांची पद्धत वापरून बंगळूर येथील गटाने २०१८ साली माणसांत कडधान्यांच्या प्रथिनाची पचनीयता मोजली. हरभऱ्याची ती सुमारे ७५ टक्के व सालीसकट मुगाची सुमारे ६३ टक्के आली, आणि मुगाची साल काढल्यावर ती ७१ टक्क्यांपर्यंत गेली. हीच पद्धत वृद्ध माणसांत ज्वारीची भाकरी, कण्या आणि आंबील ह्यांना क्रमाने लावली, तर प्रस्तुत लेखातील कागदावरच्या हिशेबाच्या जागी पोटातला हिशेब मांडता येईल.